फोटो प्रतीकात्मक आहे

अकोला
९ जुलै २०२५

माधवीताई,
जय भीम.

तुह्यं कार्ड येऊन पाच दिवस झाले. पाची दिवस मी पेन घेऊन बसलो अन् पाची दिवस उठलो. एक दिवस पेनच चालत नव्हता. एक दिवस खालच्या पानठेल्यापाशी दोन म्हशींवरून भांडण लागलं ते पाहत राह्यलो. भांडण म्हशींचं नव्हतंच, एकाच्या जावयाचं होतं, पण ते असो. खरं हे की मले लिहायचंच नव्हतं. सख्ख्या मावशीची पोरगी असून तू चार ओळी लिहिते, 'तुझा नंबर मी बंद केला आहे. जे सांगायचं ते कागदावर सांग आणि खाली सही कर.' जशी तू ठाणेदारीण अन् मी आरोपी. बारावीचा निबंध मी अर्ध्यात सोडून चहा प्यायले गेलो होतो, तुले माहीत आहे. त्याच्यानंतर एवढं लिहिणं हे पहिल्यांदाच.

तं सांगतो. हो, त्या व्हिडिओत आवाज माह्याच आहे. 'तडाखा वऱ्हाड' नावाच्या न्यूज पोर्टलवर मी मार्चपासून आहे. त्याच्याआधी कापसाच्या जिनिंगवर होतो, त्याच्याआधी आनंदमेळ्यात मोठ्या पाळण्यावर. पाळण्याचं काम चांगलं होतं, वर गेलं की अख्खं अकोला दिसे, पण मेळा हलला. इथी कुंदनभाऊनं माइकची दांडी हातात देली अन् गळ्यात कार्ड घातलं. कुंदनभाऊ म्हणजे मालक, संपादक, कॅमेरावाला अन् गाडीचा ड्रायव्हर, सगळं तोच. तुह्या आवाजात दम आहे म्हणे.

एक तारखेले एका ग्रुपवर क्लिप आली. शाळेतल्या खिचडीच्या ताटात अळ्या. खाली लिहेल, 'अमरावती जिल्ह्यातील शाळा, पुढे पाठवा.' कुंदनभाऊनं चार वाक्य लिहून देले, मी वाचले. मी गावाचं नाव घेतलं नाही, शाळेचं घेतलं नाही. तुह्या आईचा, मैनामावशीचा फोटो त्याच्यात कुठून आला हे मले काय माहीत? फोटो लावणं माह्यं काम नाही.

अन् तू लिहिते बातमी खोटी. खोटी कशी? मी तपासली ना. आमच्यानंतर दोन घंट्यानं चांदूर रेल्वेच्या एका चॅनलनं देली, रात्री नागपूरच्या एकानं, दुसऱ्या दिवशी तिसऱ्यानं, गावाच्या नावासकट. तीन ठिकाणी आली म्हणजे पक्की. तिघंच्या तिघं थोडीच खोटं बोलतीन?

आता मले विचारशीन तं एकच सांगतो. तो मावशीच्या शाळेतला अश्विन सर. खिचडी झाली की मोबाईल घेऊन चुलीपाशी उभा राह्यते, फोटो काढते. मास्तरले खिचडीच्या फोटोचं काय काम? बाकी तू शिकेल आहे, समजून घेजो.

मावशीले सांगजो सुगतची काही चूक नाही. नाही तं राहू दे, मीच सांगीन कधी आलो की.

घे, सही करतो.
सुगत


अमरावती
१२ जुलै २०२५

सुगत,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागात, दुसऱ्यांदा जास्त रागात.

तिथे बसून तुला इथलं काही दिसत नाही असं धरून चालते आणि सांगते. आई बारा वर्षं त्या शाळेत खिचडी शिजवते. एकसष्ट पोरं. तुमच्या व्हिडिओत आधी अळ्या दिसतात आणि लगेच आईचा चेहरा, हातात मोठी पळी, हसणारा. जणू अळ्या घालून हसते आहे. दीड लाख लोकांनी पाहिलं असं तिथेच लिहिलं आहे. दोन तारखेला सकाळी बायका शाळेच्या फाटकावर आल्या. तीन तारखेला मुख्याध्यापकांनी आईला सांगितलं, समितीची बैठक होईपर्यंत येऊ नका. बैठक एकतीस जुलैला, गुरुवारी, दुपारी बारा वाजता. आईनं पुन्हा त्या चुलीपाशी उभं राहायचं की नाही ते त्या दिवशी ठरणार. तोपर्यंत ती घरी. सवयीनं सकाळी पदर खोचते, दारापर्यंत जाते आणि परत येऊन बसते.

आणखी एक सांगते, तुला माहीत असूनही. काही घरांना पहिल्या दिवसापासून आईच्या हातचं नको होतं. पोरांना घरून डबे देत. कारण विचारलं की पोराचं पोट नाजूक आहे म्हणत. बारा वर्षांत आईनं एक शब्द न बोलता ती घरं चारावर आणली. आता तीस डबे येतात. ज्यांच्याजवळ सांगण्यासारखं कारण नव्हतं त्यांना तुम्ही कारण दिलं, तेही बातमीत छापलेलं. मी हे शांत डोक्यानं लिहिते आहे असं समजू नकोस.

आता तुझे तीन चॅनल. मी इथे क्लासमध्ये दर महिन्याला चालू घडामोडींची पुस्तिका काढते. एक ओळ चुकली तर चारशे पोरांचं परीक्षेत एक उत्तर चुकतं. त्यामुळे प्रत्येक ओळीच्या मागे मागे जावं लागतं. हे कोणी लिहिलं, त्याला कोणी सांगितलं, त्या माणसाला कोणी. आणि सगळ्यात शेवटी असं कोणी आहे का, जो तिथे उभा होता. तुझे तिन्ही मी उघडून पाहिले. तीच क्लिप, आईचा तोच फोटो, आणि दोघांकडे तर चक्क तुझाच आवाज, वरून फक्त त्यांच्या नावाची पट्टी. टाकी एकच रे, तोट्या तीन. आणि तू प्रत्येक तोटीखाली ओंजळ धरून म्हणतोस, पाहा, तीनदा पाणी आलं.

शाळेत चवीची वही असते. पोरांना वाढायच्या अर्धा तास आधी एका शिक्षकानं आणि एका पालकानं खिचडी खायची, कशी आहे ते लिहायचं, सही करायची. शाळा उघडल्यापासून पालक म्हणून गंगूबाई येते. तिचा नातू तिसरीत आहे. एक दिवस चुकलेला नाही. मी तिच्या घरी गेले. ती ज्वारी निवडत होती, वर न पाहता म्हणाली, "म्या खाल्ली, म्या सही केली. मोबाईल घेऊन धा जण येऊन गेले गावात. चुलीचा फोटो काढला, भिंतीचा काढला, कुत्र्याचा काढला. मले एकानं इचारलं नाही."

दोन प्रश्न. आईचा फोटो तुमच्याकडे आला कसा? आणि अश्विन सरांबद्दल लिहिलंस ते तू स्वतः पाहिलंस की कोणी सांगितलं? ऐकलेलं नको. पाहिलेलं लिही.

माधवी


अकोला
१५ जुलै २०२५

ताई,

जय भीम लिहिलं नाही तू, मी लिहितो. जय भीम.

तुह्या पत्रानं डोकं गरम झालं म्हणून मी स्टेशनापर्यंत पायी गेलो अन् पायी आलो. येताना मार्केटयार्डात एक माणूस तुरीच्या पोत्यावर बसून मोबाईलमध्ये पाऊस पाहून राह्यला होता. वर आभाळ आहे ना, मान वर कर ना. त्याले म्हटलं तसं. तो म्हणे, "यात आठ दिवसाचं दिसते, वर आजचंच दिसते." आता याले काय म्हणावं.

तू मले मुद्द्यावर ये म्हणशीन. येतो. तू मास्तरीणसारखे प्रश्न टाकते, मले त्याचा राग येते. तुमी अमरावतीत बसून पुस्तकं काढता, आमी इथी उन्हात दांडी धरून उभे राह्यतो. चार वाजले की कुंदनभाऊले व्हिडिओ पाहिजे. मागं मागं जायले कोणाले वेळ आहे? मी मागं गेलो की दुसरा चॅनलवाला टाकून मोकळा होते. पेपरवाल्यायले रात्र मिळते, आमाले दहा मिनिटं मिळत नाहीत.

तरी सांगतो. पाह्यलं. माह्या डोळ्यानं पाह्यलं. फेब्रुवारीत मी चार दिवस गावी होतो तवा अश्विन सर चुलीपाशी फोटो काढे, लगेच कोणाले तरी पाठवे, अन् "गेला का, गेला का" करून मोबाईल हलवे. आता दुसरं. कुंदनभाऊच्या मोबाईलवर अश्विन सरचं नाव मी पाह्यलं. फोटो तिथूनच आला. याच्यावर काय समजायचं ते समज. त्याची भावजय बिनकामाची घरी आहे हे तं गावाले माहीत आहे, चुलीपाशी जागा झाली तं कोणाचा फायदा?

पाहिलेलं लिही म्हटलं, लिहिलं. झालं समाधान? मावशी जेवते का?

सुगत


अमरावती
१९ जुलै २०२५

सुगत,

काल मी गावी गेले. तुझं पत्र पर्समध्ये होतं. शाळा सुटायची वेळ, फाटकावर वीस-पंचवीस माणसं, आणि त्या सगळ्यांसमोर मी अश्विन सरांना विचारलं, "माझ्या आईचा फोटो तुम्ही कोणाला पाठवला?"

ते म्हणाले, "फोटो तर मी रोजच पाठवतो, ताई."

मागून कोणीतरी म्हणालं, घ्या, कबूलच केलं. मी आणखी बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यांच्या भावजयीचं नाव घेतलं, तुझ्या पत्रातलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "जेवण शिजलं की पातेल्याचा फोटो आणि पोरांचा आकडा रोज ऑफिसला पाठवावा लागतो. रेंज नसते म्हणून दहादा पाहावं लागतं गेला की नाही. हे पाहा." शेकडो फोटो. पातेलं, पातेलं, पातेलं. कशातही माणूस नाही. "बाईमाणसाचा चेहरा मी न विचारता कसा घेईन," एवढंच म्हणाले आणि सायकल घेऊन निघाले.

गंगूबाई तिथेच होती. नातवाचं दप्तर खांद्यावर. म्हणाली, "माधवे, दोन तारखेले बायका भांडाले आल्या तवा याच मास्तरनं मैनेच्या हातची थाळी घेतली अन् इथी फाटकात उभ्यानं खाल्ली. पाहा म्हणे, मी खातो, मले काही झालं तं बोला. अन् तू त्यालेच धरलं?"

घरी आले. आई भांडी घासत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"सरले कायले बोलली व तू? फोटो तं सुगतनं काढला होता. मावशे, जराशी हास, म्हणे."

मी विचारलं, तुला हे कधीपासून माहीत आहे. म्हणाली, पहिल्या दिवसापासून. मी ओरडले, मग बोलली का नाहीस? सुगत, तिचं उत्तर जसंच्या तसं लिहिते.

"पोट्ट्याचं काम लागलं होतं. कधी नाही ते चार महिने एका जागी टिकला. बोलली असती तं गेला असता ना पुन्हा कुठं."

आता माझं. मी पोरांना शिकवते, कोणी म्हणालं म्हणून लिहू नका, मागे जा. आणि तू 'माह्या डोळ्यानं' लिहिलंस म्हणून मी उठून गेले. कागदावर होतं, हातानं लिहिलेलं होतं, खाली सही होती आणि माझ्या भावाचं होतं. आईला एक प्रश्न विचारला असता तर पुरलं असतं. ती शाळेपासून दहा पावलांवर, घरीच होती. फाटकावर आलेल्या त्या बायकांना मी पंधरा दिवस शिव्या घालत होते. त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक राहिला ते मला सांग.

नको, ते सांगू नकोस. खरं काय ते सांग. आता तरी.

माधवी


अकोला
२२ जुलै २०२५

ताई,

फोटो मीच देला.

एक तारखेले चार वाजायले दहा कमी होते. क्लिप सात सेकंदाची, व्हिडिओ लागते एका मिनिटाचा. कुंदनभाऊ ओरडून राह्यला, "अळीले तोंड नसते बे, लोक तोंड पाहून थांबतात. खिचडीवाली एखादी बाई नाही काय कोणाकडे?" माह्या मोबाईलमध्ये होती. फेब्रुवारीतली. मावशी त्या फोटोत चांगली दिसते, धुरातून हसून राह्यली. मी म्हटलं ही माही मावशी आहे. तो म्हणे, "मग चांगलंच आहे, घरची आहे, कोण बोलते? खाली टाकू ना, फोटो प्रतीकात्मक आहे." अन् टाकलं. पांढऱ्या अक्षरात, पांढऱ्या भातावर, मुंगीएवढं. ते मीच टाइप केलं. बाकीच्यायनं फोटो उचलला तवा खालचा तेवढा भाग कापून त्यायची पट्टी लावली. गावातल्या कोणीतरी मावशीले ओळखलं, गावाचं नाव जोडलं. झालं.

सांगितलं तं तुले पटणार नाही, पण मले त्या वेळी वाटलं मावशी खुश होईन. आपला फोटो आला म्हणून. खरंच हे वाटलं. मी बह्याड आहे, एवढं तं तुले लहानपणापासून माहीत आहे.

तुह्यं पत्र वाचल्यावर मी दुपारी फोन घेऊन बसलो. ग्रुपवर क्लिप ज्यानं टाकली त्याले विचारलं, तुले कोणी देली. त्यानं साळ्याचं नाव सांगतलं. साळ्यानं मूर्तिजापूरच्या एका मेडिकलवाल्याचं. असे सहा फोन. सहावा माणूस हसला. म्हणे, "ते तं दोन वर्षं जुनी आहे भाऊ, आपल्या राज्यातलीही नाही. ताटं पाहा ना. आपल्या शाळेत असे खणाचे ताटं कुठं असतात?" मी पाह्यलं. खणाचे ताटं. शंभरदा पाहेल क्लिप, ताट पाह्यलंच नव्हतं, अळ्याच पाह्यल्या. सहा फोन, ताई. चहा थंड व्हायच्या आत झाले. हे मी एक तारखेले करू शकलो असतो.

अन् तीन चॅनल. तिन्ही एकापाठोपाठ लावले. मी बोलतो, मी बोलतो, अन् तिसऱ्यात मी वाचेल वाक्य कोणी दुसराच बोलते. माह्यंच ऐकून माह्यंच मले खरं वाटलं होतं.

अश्विन सर फोटो काढे, मोबाईल हलवे, तेवढं पाहेल. कुंदनभाऊच्या मोबाईलवर नाव वगैरे काही नव्हतं. तू विचारलं कोणी केलं, तं मले कोणीतरी पाहिजे होतं. भावजयीचं तं मी असंच लिहिलं, लिहिता लिहिता सुचलं म्हणून. बातमीत पण असंच सुचते.

कुंदनभाऊले म्हटलं, चूक झाली असं टाकू. तो म्हणे, "खंडन कोण पाहते? नवीन काही आण." मी भांडलो. मेजावरचा पंखा खाली पडला. आता तो बोलत नाही, मी बोलत नाही, पण जातो रोज, ते टाकल्याशिवाय मी सोडत नाही त्याले.

मावशीनं तुले ते असं का सांगतलं? मले शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. काम लागलं होतं म्हणे. असल्या कामाले लाथ.

सुगत


अमरावती
२५ जुलै २०२५

सुगत,

तुझं पत्र मी गावी जाऊन आईला वाचून दाखवलं. तू लिहिलंस ते सगळं. ती म्हणाली, "पंखा तुटला का?" दुसरं काही नाही.

मी अश्विन सरांकडे गेले होते. मी चुकले, असं त्यांना म्हटलं, सगळ्यांसमोर म्हणायलाही तयार आहे म्हटलं. ते वह्या तपासत होते. "बरं," म्हणाले आणि तपासत राहिले. मी निघाले. त्यांनी आणखी काही बोलावं असा माझा हक्क नव्हता.

आता ऐक. एकतीस तारखेला बारा वाजता तू शाळेत यायचं. समितीसमोर उभं राहायचं आणि तुझ्या तोंडानं सांगायचं: फोटो मी काढला, मी दिला, क्लिप इथली नाही, अश्विन सरांचं नाव मी खोटं घातलं. मी सांगून चालणार नाही, मी मुलगी आहे. आईनं सांगून चालणार नाही, तिच्यावरच आळ आहे. सरांनी सांगितलं तर लोक म्हणतील, स्वतःला वाचवतो. गंगूबाईची सही त्या वहीत आहे, पण क्लिप कुठली ते ती सांगू शकत नाही. तो फोटो त्या मोबाईलमधून त्या व्हिडिओत जाताना ज्यानं पाहिला असा माणूस एकच आहे. इतके दिवस तू दांडी घेऊन दुसऱ्यांच्या तोंडापुढे उभा राहिलास. आता तुझं ऐकायचं आहे.

व्हिडिओ करून पाठवू नकोस. गावानं तुझा एक व्हिडिओ पाहिला आहे.

तू येशील असं आईला वाटतं. मला वाटत नाही. तू दोनदा मेळ्याबरोबर निघून गेला आहेस. त्यातलं एकदा तिच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, आणि आम्ही तुला स्टेशनवर शोधत होतो. मी हे विसरले नाही. तिनं ते कधी काढलं नाही, म्हणून तुला वाटत असेल की झालं.

चिडून लिहिते आहे, हो. बारा वर्षं. रोज एकसष्ट पोरं. एक पळी कमी-जास्त नाही. आणि ती सगळी बारा वर्षं एका मिनिटाच्या व्हिडिओसमोर टिकली नाहीत, कारण गावात एकानंही उठून म्हटलं नाही की आम्ही हिला ओळखतो. लोकांना मोबाईलमधली मैना खरी वाटली आणि दारावरून जाणारी खोटी. हा राग मी कोणावर काढू? तू हाताशी आहेस.

बारा वाजता. घड्याळ पाहून.

माधवी


अकोला
२९ जुलै २०२५, मंगळवार सकाळ

ताई,

तू व्हिडिओ नको म्हटलं पण तुह्यं पत्र यायच्या आधीच मी टाकला होता. कुंदनभाऊ नाहीच म्हणे तं मी माह्याच मोबाईलवरून टाकला, नाव-गाव सांगून, काही लपवलं नाही. दोनशे बारा जणांनी पाह्यला. त्यातले अर्धे मेळ्यातले. एकानं खाली लिहिलं, मावशीला वाचवायला निघाला. दुसऱ्यानं लिहिलं, अळ्या कशा लागल्या भाऊ. पहिला दीड लाख अन् हा दोनशे बारा. आता सांग, मी उभं राहून तोंडानं बोललो तं किती जण ऐकतीन? समितीचे नऊ. चल, दहा धर.

कुंदनभाऊनं कार्ड काढून घेतलं. देताना गळ्यात घातलं होतं, घेताना म्हणे टेबलावर ठेव. ठेवलं. दांडीही ठेवली. मोकळं वाटलं, अन् दुसऱ्या मिनटाले असं वाटलं की आता मी कोण आहे कोणाले सांगायले? कार्ड होतं तं पोलिसही भाऊ म्हणत.

तू चिडली आहे, मले माहीत आहे. मीही चिडेल आहे. तुह्यावर नाही, अन् तुह्यावर पण. तू लिहिते, मी दोनदा पळालो. मग तिसऱ्यांदा पळालो तं नवल काय? खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो. मेळ्याचा ट्रक उद्या सकाळी नांदेडले निघते. पाळण्यावर माणूस पाहिजे म्हणून त्यायचा फोन आला होता, मी हो म्हटलं. पिशवी भरून कोपऱ्यात ठेवली आहे. हे पत्र तुले पोचन तवर बैठक होऊन गेली असन अन् मी कुठंतरी आभाळात असीन. तू म्हणशीन भेकड. म्हण. तिथी ते बायका असतीन, ते डबेवाले असतीन, अश्विन सर असतीन. त्यायच्या भावजयीचं नाव मी घेतलं, तिले मी एकदाही पाहेल नाही. तिच्या घरचे लोक मले सोडतीन काय? मारतीन ताई. मार खाल्ला असता मी, ते एवढं नाही. पण मावशी तिथी बसेल असन, अन् ती पाहीन. मारताना ती मधात येईन. हे मले पक्कं माहीत आहे. हे मी कोणाचं ऐकून लिहीत नाही.

तिले सांगजो की

थांब. खाली कोणीतरी माह्यं नाव घेऊन राह्यलं.

ताई, मैनामावशी आली आहे. बडनेऱ्याच्या पुढं जी कधी आली नाही ते मावशी. पानठेल्यावाल्याले विचारून राह्यली, "तो बातम्या वाचणारा सुगत इथीच राह्यते काय? माह्या बहिणीचा पोरगा आहे." अख्खी गल्ली ऐकून राह्यली. पानठेल्यावाला म्हणे, कोणता सुगत? मावशी म्हणे, "आवाज चांगला आहे त्याचा."

अन् एकटी नाही आली. मागं अश्विन सर उभे आहेत, तिची पिशवी त्यायच्या हातात, रुमालानं मान पुसून राह्यले. आत्ता त्यायनं वर पाह्यलं. मी खिडकीत आहे, मले पाह्यलं. मावशीले बोट दाखवलं नाही. नुसते पाहून राह्यले, मी काय करतो ते.

या खोलीले मागून पण जिना आहे, तो गल्लीतून निघून सरळ मार्केटयार्डात जाते, हे तुले लिहून ठेवतो. मी पुढच्यानं उतरून राह्यलो.

सुगत